‘शॅल’चा निवाडा

अनसूयाबाईंनी भिवंडीत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ‘आय’ आणि ‘वी’ यांच्यामागून ‘शॅल’च येतं, हा नियम त्यांनी निम्म्या गावाकडून घोकून घेतला होता. त्या निम्म्यातलाच एक, जवळच्या शेलार गावच्या शेतकऱ्याचा मुलगा लडकू पाटील, रविवारी सकाळी नातीची वही घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. आता तो साठीचा, चार गोदामांचा मालक, शाळेच्या समितीवरचा. त्याच्या मागे मेघाली होती. बाईंच्या शेवटच्या तुकडीतली, नारपोलीच्या पॉवरलूम कामगाराची मुलगी, आता त्याच शाळेत इंग्रजी शिकवणारी.

नातीनं ‘आय विल’ लिहिलं होतं आणि मेघालीनं त्यावर बरोबरची खूण केली होती. जिला नियमच ठाऊक नाही तिच्याकडे दहावीचा वर्ग ठेवायचा नाही, असं लडकूनं समितीत बोलून ठेवलं होतं. निवाडा मात्र बाईंनी करायचा.

“या एका शब्दापायी तुम्ही मला बाकावर उभा केला व्हता, बाई,” तो म्हणाला. “मी इसरलो न्हाय.”

बाईही विसरल्या नव्हत्या. मेघालीचं बरोबर म्हणावं, तर एकतीस वर्षांची छडी खोटी पडत होती.  मेघालीनं पिशवीतून व्याकरणाचं नवं पुस्तक काढून बाईंच्या हातात दिलं.

बाईंच्या वर्गाची एक रीत होती. वाद झाला की पुस्तक उघडायचं, आणि जो जास्त अडून बसलाय त्यानंच ते मोठ्यानं वाचायचं. त्यांनी पुस्तक लडकूपुढे सरकवलं.

लडकूनं चष्मा लावला. वाचलं, थांबला, पुन्हा वाचलं. ‘विल’ आता सगळीकडे चालतं, ‘शॅल’ जुन्या वळणाचं झालं, हे त्याला स्वतःच्याच तोंडानं म्हणावं लागलं. उच्चार एकही चुकला नाही. बाईंची मान आपोआप ताठ झाली.

“मंग माझं उभं ऱ्हानं फुकट गेलं म्हना की.”

“तेव्हा मला तेवढंच येत होतं, लडकू. मेघालीला त्याच्या पुढचं येतं. दहावी तिच्याकडेच राहू दे.”

राहू दे तर राहू दे, म्हणत तो हसला. पण पुस्तक काही मिटेना. खालच्या ओळीवर बोट ठेवून त्यानं मेघालीपुढे दुसरीच शंका काढली. ती हटली नाही आणि तोही हटेना.

बाई चहा टाकायला आत गेल्या. बाहेर शेतकऱ्याचा मुलगा आणि लूम कामगाराची लेक इंग्रजीवरून हमरीतुमरीवर आले होते. चहा केव्हाच उकळला होता. बाईंनी गॅस बारीक केला आणि ओट्याशी ऐकत उभ्या राहिल्या.