जमा न झालेली शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, माझ्या पोटातली गोळी झिजली आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे. प्रकाशचंद शेठांनी मला जळगावच्या बाजारात घेतलं आणि धरणगावच्या आपल्या जिनिंगचे, म्हणजे कापूस पिंजायच्या कारखान्याचे, पहारेकरी झुलाल नाना यांच्या हाती दिलं. तेव्हापासून मी नानांच्या गळ्यात असते.

एकदा भर दुपारी कापसाच्या ढिगातून धूर निघाला. मी अशी किंचाळले की सगळी माणसं बादल्या घेऊन धावली. कापूस वाचला. शेठांच्या मुलाने, रोनकने, कौतुकाने फाटकावर मोठ्या अक्षरांत रंगवलं, 'झुलाल सिक्युरिटी'. नाना येताजाता ते वाचत आणि मिशीतल्या मिशीत हसत. खरं सांगते, मीही फुगले होते.

त्याच नावाने घात केला. धुळ्याच्या एका सिक्युरिटी एजन्सीचा माणूस 'आमचे पहारेकरी ठेवा' म्हणून सांगायला आला. फाटकाकडे बघून तो गुरकावला, "सिक्युरिटी चालवता? लायसन कुठंय? बिनपरवाना पहारा म्हणजे गुन्हा!"

शेठ परगावी होते. रोनक गोंधळला. नानांनी मला गळ्यातून काढून खुंटीला टांगलं. नोकरी गेली तर या वयात जायचं कुठे, या काळजीने त्यांना घास गिळवेना. इकडे माझ्या तोंडात कोळ्याने घर केलं. मला फार एकटं वाटलं.

शेवटी रोनक त्यांना परवान्याची चौकशी करायला जळगावच्या पोलीस कचेरीत घेऊन निघाला. नानांनी मला पुसून रुमालात बांधलं. निवडणूक आली की गावातल्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, हे त्यांनी पाहिलं होतं. माझंही तेच करायचं असतं, असं त्यांनी गृहीत धरलं.

कचेरीत परवान्यांचं काम बघणाऱ्या दिपमाला मॅडमपुढे त्यांनी मला ठेवलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "ताई, मनाजोडे लायसन नही शे. हाई जमा करी ल्या."

मॅडमना काही कळेना. मग रोनकने सगळी हकिगत सांगितली.

"नाना, तुम्हाला पगार कोण देतं?" मॅडमनी विचारलं.

"आमना शेठ."

"तुम्ही दुसऱ्यांना पहारेकरी पुरवता?"

"नही वं माय! मी ते एकलाच शे."

"मग लायसन कशाला? ते पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीला लागतं. तुम्ही शेठांच्या स्वतःच्या नोकरीत आहात, तुम्हाला नाही लागत. फाटकावरचं नाव तेवढं पुसून टाका."

नानांनी डोळे पुसून मला उचललं आणि हळूच विचारलं, "मंग हाई वाजाडू का?"

"वाजवा, पण बाहेर जाऊन हो!"

नानांनी आवारात येऊन मला गळ्यात अडकवलं आणि असं फुंकलं, की रस्त्यावरचे रिक्षावाले जागच्या जागी थांबले. इतकी मोकळी मी कधीच वाजले नव्हते.

मित्रांनो, एकच विनंती आहे. कुणी दटावलं म्हणून आपल्या कामाची वस्तू खुंटीला टांगू नका. आधी जाणत्या माणसाला विचारा. आणि विचारायला जाताना ती वस्तू सोबत घेऊन जा. काय सांगावं, परत येताना ती तुमच्या गळ्यात असेल.