पैलवानाची मान

उंदराची मान मोडायला जोर नाही, नेम लागतो. भूल दिलेला पांढरा उंदीर पालथा घालायचा, मान चिमट्यात आवळायची, मणक्याचं हाड कोरून मज्जारज्जू उघडा करायचा आणि त्याच्या उजव्या बाजूवर यंत्राची सळई सोडायची. खाट्! मग रक्त टिपून टाके. सळई मध्यावर बसली तर श्वासच थांबतो. सातपूरच्या प्रयोगशाळेत हेच माझं काम, आणि मला त्याची किळस येते.

तरी करते, ते शेखरदादासाठी. पिंपळगावहून द्राक्षं घेऊन निघालेला त्याचा टेम्पो उलटला आणि क्रेट मानेवर कोसळले. आता डावा हात जेमतेम हलतो, उजवा मेल्यातच जमा. आई घास भरवते आणि हा चिडून तिच्या अंगावर थुंकतो. त्याला स्वतःच्या हातानं जेवायचंय, बस्स.

मज्जारज्जूच्या इजेवरचं आमचं नवं औषध दिलेला एक उंदीर उजव्या पंजात शेंगदाणा धरून कुरतडायला लागला. मी दादाला मोबाइलवर दाखवलं. किती महिन्यांनी हसला तो! त्यानं उंदराचं नाव पैलवान ठेवलं आणि रोज विचारायला लागला, "तेजल, पैलवान जेवला का?"

शेवटी सांगावंच लागलं, की आता त्याला मारायचंय. मज्जारज्जूचे काप पाहिल्याशिवाय औषधानं काय केलं ते कळत नाही.

"बरा झाला म्हणून मारती?" दादा किंचाळला. "कसाई हाय का तू? उद्या माझा हात हलला, तर मलाबी कापशील!"

दुसऱ्या दिवशी मी पैलवानाला भूल दिली, छाती फाडली, धडधडत्या काळजात सुई खुपसून सगळं रक्त धुऊन काढलं आणि मान कापली. काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि मी टेबलावर मूठ आपटली. मुंगी चावल्यासारखा एक डाग, बस. सळई सोडताना चिमटा सैल राहिला होता. सळईखाली मान दबली आणि घाव वाया गेला. पैलवान बरा झाला नव्हता, तो मुळात मोडलाच नव्हता.

घरी येऊन दादाला खरं ते सांगितलं. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मला वाटलं, आता रडेल.

"दुसरे उंदीर हायेत ना?" त्यानं विचारलं.

"आहेत."

"मग चिमटा आवळ," दादा म्हणाला. "आन नीट मार."