पुस्तिका समाविष्ट नाही

खेळ बनवणाऱ्या कंपनीत तिला सगळे पुस्तकबाई म्हणत. कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या खोक्यात पूर्वी जाडजूड माहितीपुस्तिका यायची, ती लिहिणं हे तिचं काम. खेळ विमानांचा असो, राज्य चालवण्याचा असो, नाहीतर मुंग्यांच्या वारुळाचा, कुठलं बटण दाबलं की काय होतं हे ती अशा भाषेत सांगायची, की वाचणाऱ्याला वाटावं कोणीतरी शेजारी बसून शिकवतंय. पुढे कंपनीला साक्षात्कार झाला, की कागद महाग आहे आणि नवे खेळ पडद्यावरच शिकवता येतात. पुस्तकबाईच्या हातात नारळ पडला.

तेव्हापासून ती घरी बसून औषधांच्या डब्यांतल्या चिठ्ठ्या तपासायची. 'जेवणानंतर घ्या'चं कुठे 'जेवणाऐवजी घ्या' झालं नाही ना, एवढंच बघायचं. काम इमानाचं होतं, पण त्यात जीव काही रमत नव्हता.

नवरा कवळ्या बनवायचा. माणूस सरळ, हातात कसब, पण एक खोड होती. कुठलीही नवी वस्तू आणली, की सोबतचा कागद न वाचताच तो ती चालवायला घ्यायचा. ज्याला कळतं त्याला वाचावं लागत नाही, असं त्याचं म्हणणं. बायकोने लिहिलेली एकही पुस्तिका त्याने कधी उघडली नव्हती. ती हसण्यावारी न्यायची, पण आत कुठेतरी ते कुसळासारखं सलायचं.

एका रविवारी तो पेट्रोल पंपावरच्या दुकानातून स्वस्तातला एक खेळ घेऊन आला. तिने लांबूनच ओळखला. मालवाहू जहाजाचा खेळ, तिचा सगळ्यात लाडका. एका निवृत्त जहाज-इंजिनिअरच्या घरी चपला झिजवून तिने त्याची पुस्तिका लिहिली होती, आणि तेव्हा खोकं चांगलं विटेएवढं जड लागायचं. आता कंपनीने तोच जुना खेळ पातळ प्लास्टिकच्या डबीत घालून पुन्हा बाजारात आणला होता. आत एक चकती, बस्स. डबीच्या पाठीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलं होतं, 'पुस्तिका समाविष्ट नाही'. तिने डबी मिटली आणि टेबलावर ठेवून दिली.

नवरा बाह्या सरसावून बसला. पडद्यावर जहाज धक्क्याला उभं. त्याने एक बटण दाबलं, भोंगा वाजला. दुसरं दाबलं, डेकवरचे दिवे लागले. तिसऱ्याने क्रेनने एक भलीमोठी पेटी उचलली आणि थेट पाण्यात सोडली. जहाज मात्र जागचं तसूभर हलेना. ती खिडकीपाशी चिठ्ठ्या तपासत होती. उत्तर अगदी जिभेवर आलं, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही असं तिने मनाशी ठरवलं होतं.

आठवडाभर हेच चाललं. कीबोर्डच खराब आहे म्हणून त्याने नवा आणला. जहाजाने नव्या कीबोर्डलाही भीक घातली नाही.

पुढच्या रविवारी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची बहीण, शहराची बस चालवायच्या. भली थोरली बस अरुंद गल्लीत सहज वळवून दाखवणारी बाई. भावाच्या खोलीत डोकावल्या आणि कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. तोच खेळ त्यांनीही घेतला होता, त्यांच्या डेपोतल्या निम्म्या ड्रायव्हरांनीही, आणि सगळ्यांची जहाजं धक्क्यालाच खिळलेली होती. हसता हसता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, हे सगळं तुम्हीच लिहायचात ना?"

नवऱ्याने माउसकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि शेवटी खुर्ची थोडी बाजूला सरकवली.

"अगं," तो म्हणाला, "सांग ना, हे सुरू कसं करायचं?"

टोमणा मारायला याहून सोन्यासारखी संधी मिळाली नसती. पण तिला टोमणा सुचलाच नाही. तिने चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि त्याच्याशेजारी येऊन बसली.

"जहाजाचं इंजिन काही चावी फिरवून सुरू होत नाही. ते दाबलेल्या हवेने सुरू होतं," ती म्हणाली. "आधी जनरेटर लावा. मग हवेच्या टाक्या भरू द्या, घाई करू नका. त्यानंतर इंधन. आणि दोर सोडताना मागचा सगळ्यात शेवटी, नाहीतर बूड फिरून धक्क्यावर आपटेल."

त्याने शहाण्या विद्यार्थ्यासारखं एकेक केलं. टाक्या भरल्या. पडद्याखालून धडधड उमटली. पुढचे दोर सुटले, मग मागचा सुटला, आणि धक्का हळूहळू लांब जाऊ लागला. वन्सं उभ्याच राहिल्या. जहाज बंदराच्या भिंतीबाहेर पडलं तेव्हा नवऱ्याने बटणांवरून हात काढले. समोर अख्खा समुद्र होता आणि तो बायकोच्या तोंडाकडे बघत होता.

"किती गं आठवतं तुला," तो म्हणाला.

वन्संच्या पोटात कुठली गोष्ट राहायची? सोमवारी डेपोत बोभाटा झाला, आणि बुधवारी पुस्तकबाई ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत उभी राहून टाक्या, दोर आणि भरती-ओहोटी समजावून सांगत होती. कितीतरी जहाजं सुटली. पण वन्संचं तेवढ्यावर समाधान होईना. त्यांनी सरळ कंपनीला फोन लावला आणि सुनावलं, की तुम्ही जहाज विकता आणि ते हाकायचं कसं हे सांगत नाही, आणि जिला ते माहीत आहे ती आमच्या घरी खोकल्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या तपासत बसली आहे. कंपनीत परत आलेल्या चकत्यांचा आधीच ढीग लागला होता. दोन दिवसांत बोलावणं आलं.

जुन्या आवृत्त्यांचं काम आता एका तरुण साहेबीणबाईंकडे होतं. त्यांनी आदराने बसवलं आणि एक चिठ्ठी लिहून मागितली, दोन पानांची.

"दोन पानांत जहाज धक्क्यावरून सुटेल," पुस्तकबाई म्हणाली. "परत धक्क्याला लागणार नाही."

मग पूर्ण लिहा, त्या म्हणाल्या, पण छापायला नको, चकतीवरच फाईल घालू. पुस्तकबाईने वाद घातला नाही. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर खेळ लावून दिला, जहाज भर वाऱ्यात खडकांमधल्या वाटेत आणून ठेवलं, जुन्या पुस्तिकेची फाईल तयार ठेवली आणि नम्रपणे विनंती केली, की आता जहाज न थांबवता तिच्यातलं सुकाणूचं पान शोधून दाखवा. साहेबीणबाईंनी खेळ खाली सारला, फाईल उघडली, पान शोधलं, खेळ वर आणला. तोवर जहाज दीपगृहाच्या पायऱ्यांवर चढलं होतं आणि पडद्यावर हरल्याचं पांढरं निशाण फडकत होतं.

साहेबीणबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. माणूस दिलदार होता.

"छापू या," त्या म्हणाल्या. "आणखी काही?"

"पुस्तिकेच्या पुढच्या बाजूला माझं नाव हवं. पूर्वी कुठेच नसायचं."

तेही कबूल झालं. पुस्तकबाई जिना उतरली तेव्हा पाय जमिनीवर ठरत नव्हते. पुढचे महिने तिने तहानभूक विसरून लिहिलं, जुनं बाजूला ठेवून नव्याने. अडलं की नवऱ्याला कीबोर्डपुढे बसवायची. तो जिथे चुकेल तिथे एक परिच्छेद वाढायचा. पुस्तिका बरीच जाड झाली.

जहाजाचा खेळ पुस्तिकेसह बाजारात आला आणि दुकानातली फळी रिकामी होत गेली. डेपोतल्या ड्रायव्हरांनी बस धुतात तेवढ्या अगत्याने पुस्तिकांना कव्हरं घातली. वन्सं भर वादळात परमुलखाच्या बंदराला जहाज लावून आल्या आणि ते आल्यागेल्याला सांगत सुटल्या. परत येणाऱ्या चकत्या थांबल्या, तशी साहेबीणबाईंनी जुन्या खेळांची अख्खी फडताळं पुस्तकबाईपुढे उघडी केली. यातला पुढचा कुठला, तुम्हीच निवडा, म्हणाल्या.

तिने वाफेच्या रेल्वेचा निवडला. औषधवाल्यांना निरोप धाडला, की चिठ्ठ्यांसाठी आता दुसरं माणूस बघा. आणि एका सकाळी, जुनी इंजिनं अजून चालती ठेवणाऱ्या शेडमध्ये ती जाऊन उभी राहिली. इंजिन तापत होतं. काळ्या हातांचा ड्रायव्हर वरून वाकून म्हणाला, "कोण आपण?"

"मी पुस्तिका लिहिते," ती म्हणाली. "वर येऊ का?"

त्याने हात पुढे केला. तिने पदर खोचला आणि शिडी चढायला लागली.