दातांत धरलेलं लाटणं

बॉनेटच्या कडेवरून त्याचा हात वर आला, तो मी पाहिला. रेसवरचा पाय मात्र मी उचलला नाही. लोखंड तुटल्याचा आवाज झाला, पंख्याचं पातं सुटलं आणि हात दिसेनासा झाला. मी खाली उतरले. लाटण्याचा अर्धा तुकडा अजून त्याच्या दातांत होता. गाडी चालूच होती.

नामदेव माझा धाकटा दीर. ठार बहिरा. वीज कडाडली तरी मान वळवत नसे. पण सकाळी जुनी पिकअप चालू करायची म्हटलं की माझं लाटणं उचलायचा, एक टोक इंजिनावर टेकवायचा, दुसरं दातांत धरायचा आणि डोळे मिटायचा. आवाज दातांतून हाडांत उतरतो, म्हणायचा. किन्हीराजा गावच्या शिवारातलं धुकं अंगणात आलेलं असे आणि त्यात तो लाकडी चोचीच्या बगळ्यासारखा निश्चल उभा दिसे. मला गाडी हाकता येत नाही. किल्ली फिरवायची, रेस द्यायची, त्याचा हात वर झाला की पाय उचलायचा, एवढंच माझं काम.

लाटण्यावरून मी डोळे वटारले की तो गावभर ऐकू जाईल असा ओरडे, "पोया गोलच होतात ना वैनी? अन् तुमचं बोलणं मले आयकू येत नाही, म्हणून तर घरात शांतता हाय!"

त्या सकाळी माझा मुलगा मळ्यात मेथीच्या शेवटच्या जुड्या बांधत होता. गाडी चालू होताच किर्र झालं आणि त्याखाली जात्यात खडा अडकल्यासारखी घरघर. मी उतरून इंजिनाच्या पट्ट्यावर तांब्याभर पाणी टाकलं आणि पुन्हा सीटवर बसले. पट्टा ओरडत असेल तर पाण्याने गप्प होतो, हे त्यानेच शिकवलेलं. किर्र थांबलं. घरघर थांबली नाही.

"वैनी, पंख्यामागचं बेअरिंग गेलं वाटते. हळू रेस द्या, आयकू द्या मले."

मागे मेथी रचलेली. वाशीमचा लिलाव सकाळीच आटोपतो, उशिराची मेथी गुरांपुढे जाते. "मेथी सुकून राह्यली, अन् याचं आयकणंच सरत नाही," मी पुटपुटले. त्याचा हात वर झाला. जोरात रेस दिली तर घरघर बुडून जाईल, असं वाटलं, आणि मी पाय आणखी दाबला.

तो गेल्यावर पंखा नवा बसवला. लाटणंही नवं आणलं. भुतंखेतं मला पटत नाहीत. तरी मुलगा गाडी चालू करतो तेव्हा पोळपाटावरचं लाटणं थरथरतं. एकदा मी ते इंजिनावर टेकवून दातांत धरलं. इंजिनाचा आवाज स्वच्छ होता. त्या आवाजाच्या तळाशी मात्र, कुणीतरी श्वास रोखून ऐकत असावं, तशी शांतता होती. माझा हात आपसूक वर गेला.

मुलाने तत्काळ पाय उचलला.

नामदेव गेला त्या सकाळी गाडीपाशी आम्ही दोघंच होतो. मी जगले.