अंगणातली राहुटी

"आई, थांब. परत कोंबडा आला मध्ये," एलनुरा म्हणाली आणि तिनं फोन बंद केला.

साथीमुळे शाळा बंद होती. तिची आई बुरुलकान पहिलीची शिक्षिका, मुलांचे धडे घरूनच चित्रित करून पाठवायचे होते. पण घरात बुरुलकानचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमे. खिडक्यांना गोधड्या टांगून झाल्या, तरी नारिन शहराकडे जाणारे कोळशाचे ट्रक ऐकू येतच.

"राहुटी उभारू," बुरुलकान म्हणाली. "लोकरीचा नमदा आवाज गिळतो."

उन्हाळ्यात कुरणावर न्यायची ती राहुटी यंदा कोठारातून बाहेरच पडली नव्हती. मायलेकींनी अंगणात लाकडी जाळीच्या भिंती उभ्या केल्या. माथ्यावरचं लाकडी चक्र उचलणं हे पुरुषाचं काम, म्हणजे शर्शेनचं. बुरुलकाननं बेचकीच्या काठीनं ते वर नेलं. ते पडलं. तिनं पुन्हा उचललं.

"बाबा शिव्या देत उचलायचे," एलनुरा म्हणाली.

"चक्राला द्यायचे."

शर्शेन उन्हाळ्यातच गेला. पांढऱ्या झग्यातल्या अनोळखी माणसांनी त्याला पुरलं. जमायला बंदी होती. रिवाजाप्रमाणे अंगणात मयताची राहुटी उभी राहिली नाही, फाटकापासून आक्रोश करत कुणी पुरुष आला नाही. सासू गेली तेव्हा याच बुरुलकाननं राहुटीत भिंतीकडे तोंड करून अशा ओव्या गायल्या होत्या, की परक्या गावच्या बायकांनीही रुमाल डोळ्यांना लावले. नवऱ्यासाठी मात्र तिला एक ओळ गाता आली नाही. तिनं गाई पिळल्या, भांडी घासली. लोक म्हणाले, केवढी धीराची! तो धीर नव्हता. बर्फाखालचं गवत होतं ते. ना कुजत, ना उगवत.

भिंतींवर नमदा चढला, आणि चक्राच्या झरोक्यातून उजेडाचा गोल खाली पडला. त्यात स्टूल ठेवलं, जाळीला फळा टेकवला, दुधाच्या बरणीवर फोन बांधला.

"बोल आई."

"मुलांनो, पाच कोकरं चरायला गेली," बुरुलकान म्हणाली. स्वर सपाट, स्वच्छ. "संध्याकाळी एक परत आलं नाही. मग किती—"

"भावा रेऽऽ! कुठं शोधू रे तुला, माझ्या भावा!"

फाटकातून शेजारचा म्हातारा किदिराली काठीवर वाकून रडत येत होता. पानगळीच्या दिवसांत गावात अंगणात राहुटी दिसली, की तिचा अर्थ एकच.

एलनुरा धावली. "आबा, अहो आबा! कुणी गेलं नाही! शाळा आहे ही!"

"शाळा?" म्हाताऱ्यानं नाक पुसलं. "राहुटीत?"

"व्हिडिओ काढतोय."

"आग लागो तुमच्या व्हिडिओला! रडत रडत चढ चढलो मी. गुडघे गेले माझे!" तो धापा टाकत दाराशी टेकला. मग त्यानं आत पाहिलं. स्टुलावर बुरुलकान बसली होती, हातात खडू. त्याचा आवाज उतरला. "सुनबाई, आता आलेलं रडू कुठं ठेवू? शर्शेनचं म्हणून ठेवून घे. तेव्हा पोलिसांनी फाटकाशीसुद्धा येऊ दिलं नाही गं मला."

रस्त्यावरून आणखी दोघं येत होते, टोप्या पुढे ओढून, मोठ्यानं रडत.

"आई, सांगू का त्यांना?"

"नको."

बुरुलकाननं खडू फळ्यापाशी ठेवला. राहुटीत बायकांनी बसायच्या बाजूला जाऊन ती जमिनीवर बसली, दाराकडे पाठ करून, हात कमरेवर. तोंड उघडलं. ओवी आली नाही. बाहेर म्हातारा रडत होता.

"पाच कोकरं चरायला गेली," ती म्हणाली. मघाच्याच सपाट स्वरात. "एक परत आलं नाही."

पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना शेवटचा शब्द लांबला, आणि त्या लांबण्यात जुनी चाल हळूच येऊन बसली.

बरणीवरचा फोन चालूच होता. रिकाम्या स्टुलावरचा उजेडाचा गोल सरकत सरकत नमद्यावर गेला.