मिनतीच्या चौकश्या

ओडिशातून लग्न होऊन मिनती अंजनगाव सुर्जीत आली, त्याला वीसेक वर्षं झाली. वऱ्हाडी तिच्या जिभेवर पक्की बसली होती. पण सरकारी दवाखान्यात छाती तपासायची गाडी आली आणि नर्स रागिणीताईंनी विचारलं, "हाताले गाठ लागते काय?" तेव्हा ती गोंधळली. गाठ तिला पदराची माहीत.

"आंगातबी गाठ होते?"

"होते. बहुतेक दुखत नाही, म्हनून बायांले समजत नाही."

"दुखत नाही तं होते काहून?"

रांगेतल्या बाया हसल्या. सासू पार्वताबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. "निरा चौकश्या करून राहिली! चाल, आटप."

मशीननं दाबलं तेव्हा कळ आली, पण पडद्यावर सरकी काढलेल्या कापसासारखं काही पांढरं उमटलं आणि मिनती कळ विसरली. हे आपल्या आतलं? गाठ असती तर कशी दिसली असती? रागिणीताईंनी तिच्या हाती छातीचा रबरी नमुना दिला. बोटं सपाट ठेवून ती चाचपत गेली आणि आत तुरीच्या दाण्याएवढं काही टणक लागलं, तेव्हाच थांबली.

तिचा रिपोर्ट चांगला आला. पार्वताबाईंसाठी विषय संपला. मिनतीला मात्र कुनी नावाची तिची मैत्रीण आठवली. तीही ओडिशाचीच, पलीकडच्या गल्लीत दिलेली. मराठी जेमतेम, म्हणून गाडीकडे फिरकलीच नव्हती.

चुलीपाशी बसून मिनतीनं तिला सगळं ओडियात सांगितलं. सांगताना आईच्या तोंडचा, कितीतरी वर्षांत न उच्चारलेला एक शब्द निघाला आणि दोघी लाजून हसल्या. मग कुनीनं मिनतीचा हात धरून आपल्या छातीच्या डाव्या बाजूला ठेवला. बोटांना तसंच टणक काही लागलं.

"दूध साकळलं असेल," कुनी ओडियात पुटपुटली. तिचं धाकटं तर शाळेत जात होतं.

कुनीचा नवरा मनोज म्हणाला, "गरम शेक द्या, बसून जाईन."

"शेकानं बसलं नाही तं?" मिनतीनं विचारलं. मग घरी येऊन तिनं सासूला सांगितलं, की कुनीला मोठ्या दवाखान्यात नेते.

"मीबी येतो संग," पार्वताबाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंचे प्रश्न मिनती ओडियात सांगे आणि कुनीची उत्तरं मराठीत. सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सरच होता, पण पसरलेला नव्हता. ऑपरेशन झालं, औषधांनी केस गेले. कुनीला भाजीचा वास सहन होईना, तेव्हा पार्वताबाई तिला ज्वारीची आंबील नेऊन देत.

केस पुन्हा उगवू लागले, तेव्हा मिनती आणि कुनी तपासणीला गेल्या. डॉक्टरीणबाई सवयीनं मिनतीकडे वळल्या, तशी कुनीनं हात वर केला. शब्द जुळवत ती मराठीत म्हणाली, "मले इचारू द्या. दुसऱ्या बाजूले कधी पाहाल?"

"आजच पाहू," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली.