कागदी शेवंती

अक्कम्माने ते फूल माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा ते वाजलं. खरंच सांगते, फूल वाजलं! सोनेरी पाकळ्या कडक, कोरड्या. बोट लागलं की कुरकुर करणाऱ्या.

"बाई, हे जित्तं हाय का मेलेलं, तेवढं सांगा."

मी तेव्हा हुमनाबादला हायस्कुलात विज्ञान शिकवायची. अक्कम्मा दुबलगुंडीची. तिचा मुलगा गुरप्पा शेतीचं शिकायला ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिकडेच नोकरीला चिकटला. या फुलाचं बी त्यानेच पाठवलेलं. तिने विहिरीकाठी पेरलं, पहिलं फूल तळहातावर घेऊन रोज पुजायच्या लिंगाला वाहायचं म्हणून. आणि उमललं ते असं. वाळलेलं फूल देवाला कसं वाहायचं?

"पोरगं बी तिकडं असंच वाळायलंय का, बाई? येतो म्हणून म्हणतच न्हाई."

मला त्या गुरप्पाचा असा राग आला! त्याच रागात ब्लेडने फूल चिरलं. मधल्या गोंड्यात इवलीइवली फुलं दाटीवाटीने बसलेली.

"शेवंतीच्या घराण्यातलं आहे," मी म्हणाले. "ऑस्ट्रेलियातल्या माळावरचं. खरी फुलं ही आतली. बाहेरच्या पाकळ्या नव्हेत, कोरडी पानं आहेत, जन्मापासून अशीच. जित्तं आहे."

"व्हय," ती म्हणाली. पण पटलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले. दारावर त्या फुलांची वाळकी जुडी टांगलेली. त्यातलं एक तिने तांब्यातल्या पाण्यात टाकलं. दुपार नुसती पेंगत होती, आम्ही दोघी बघत बसलो. बघता बघता पाकळ्या हळूहळू वर उचलल्या आणि फूल मिटलं, झोप लागल्यासारखं.

"वाळलं तरी पाणी वळखायलंय," ती पुटपुटली. लिंगाला मात्र अजून वाहिलं नव्हतं.

आणि दिवाळीत गुरप्पा आला. मी फराळाला गेले होते. चकचकीत बूट, तोलूनमापून बोलणं. स्वतःच्याच ओसरीवर पाहुण्यासारखा अवघडून उभा. आता ही रडणार, असं मला वाटलं. अक्कम्माने विहिरीवरून तांब्या भरून आणला आणि त्याच्या हातात दिला.

त्याने घोट घेतला. डोळे आपोआप मिटले. 

"अव्वा," तो म्हणाला, "आपल्याच हिरीचं हाय न्हवं?"

अक्कम्माने दारावरच्या जुडीतलं एक वाळकं फूल काढलं आणि लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसली.